लॅपटॉपची कंपनी विचारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की आपल्या दैनिकात लॅपटॉपच्या पानभर जाहिराती झळकू लागतात आणि त्याच आठवड्यापासून माझ्या दाराशी पालकांची ये-जा वाढते. कराडजवळच्या एका तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत मी २७ वर्षे काम केले. निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांचे लॅपटॉप उघडून साफ करणे, रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी वाढवून देणे, जुनी हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी बसवणे अशी कामे मी घरीच करते. येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, एचपी घेऊ का डेल? की लेनोव्हो बरा?" मुलाच्या तोंडी आसुस आणि एसर ही नावे असतात. मुलाला अभ्यासाबरोबर थोडेफार गेमही खेळायचे आहेत, हे मात्र पालक आवाज जरा खाली आणून सांगतात. साठ-सत्तर हजार रुपये खर्च करायला निघालेल्या या माणसांना त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर कंपनीच्या नावात सापडत नाही. आणि ज्या माहितीत ते सापडते, ती दुकानातल्या कार्डावर, जाहिरातीत किंवा खोक्यावर धडपणे छापलेलीच नसते. आपल्या वाचकांपुढे मला मांडायचे आहे ते हेच.

कंपनी पाहून वस्तू घेण्याची सवय आपल्याला पंखे, मिक्सर आणि शिलाई मशीन यांनी लावली आणि त्या वस्तूंपुरती ती बरोबरही होती. लॅपटॉपची घडण वेगळी आहे. प्रोसेसर म्हणजे मुख्य चिप बहुधा इंटेलची किंवा एएमडीची, पडद्यावरची चित्रे हाताळणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर ते बहुधा एनव्हिडियाचे, रॅमच्या चकत्या सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनच्या आणि विंडोज मायक्रोसॉफ्टची, ही सामग्री सगळ्याच कंपन्यांना सारखी उपलब्ध असते. जोडणीसुद्धा पुष्कळदा क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक अशा तैवानी कंत्राटी उत्पादकांच्या कारखान्यांत होते आणि एकच उत्पादक बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन-तीन कंपन्यांचा माल तयार करत असतो. झाकणावर ज्याचे नाव असते, त्याच्या हाती उरते ते म्हणजे कवच, बिजागरी, कीबोर्ड, आतली हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था, कोणता स्क्रीन बसवायचा आणि रॅम किती द्यायची याचा निर्णय, आणि विक्रीनंतरची सेवा. या सर्व गोष्टी महत्त्वाच्याच आहेत, पण त्या कंपनीगणिक बदलण्यापेक्षा मालिकेगणिक अधिक बदलतात. एचपीची पॅव्हिलियन वेगळी, व्हिक्टस वेगळी आणि ओमेन त्याहून वेगळी. लेनोव्होची आयडियापॅड घरगुती वापराची, एलओक्यू (LOQ) आणि लीजन खेळासाठी, तर थिंकपॅड कचेरीसाठी, आणि ही थिंकपॅड तर मुळात आयबीएमची, २००५ साली लेनोव्होने तो व्यवसाय विकत घेतल्यावर तिच्याकडे आलेली. आसुसच्या व्हिवोबुक आणि टफ, एसरच्या ॲस्पायर आणि नायट्रो यांचेही असेच आहे. म्हणून "एसर टिकत नाही" किंवा "डेलच मजबूत" अशी सरसकट वाक्ये कुणी सांगितली, की मी आधी विचारते, "कोणती मालिका, आणि कोणत्या साली घेतलेला?"

दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते. एकाच वर्गातली दोन मुले एका संध्याकाळी माझ्याकडे आली. दोघांच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा एकच प्रोसेसर होता, आय-फाइव्ह १२३५यू. किमतीत हजार-दीड हजाराचा फरक, कंपन्या निरनिराळ्या. एकाचा जीटीए फाइव्ह हा खेळ हलक्या सेटिंगवर बऱ्यापैकी चालत होता, दुसऱ्याचा सेकंदाला पंचवीस-तीस फ्रेम्सवर, म्हणजे चित्रांवर, अडखळत होता. दुसऱ्या मुलाची खात्री पटलेली, की आपल्या कंपनीने फसवले. मी दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून यंत्रातल्या भागांची माहिती दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. पहिल्यात ग्राफिक्सच्या जागी "आयरिस एक्सई" असे नाव होते, दुसऱ्यात "यूएचडी". मुलाने दुकानदाराकडून आणलेल्या कागदावर मात्र त्याच्याही लॅपटॉपला आयरिस एक्सईच लिहिले होते. मागचे पॅनेल उघडले तेव्हा कारण समोर आले. रॅमचे दोन स्लॉट होते, एकात आठ जीबीची पट्टी बसवलेली आणि दुसरा रिकामा. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच आपला शिधा घेते. एका पट्टीवर ही वाट एकेरी राहते आणि दोन पट्ट्या बसवल्या की दुहेरी होते. इंटेलच्या अटीप्रमाणे आयरिस एक्सई हे नाव दुहेरी वाटेवरच दिसते, एकेरी वाटेवर त्याच चिपची ओळख यूएचडी अशी दाखवली जाते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने त्याच वेगाची आणखी एक आठ जीबीची पट्टी आणली, मी ती रिकाम्या स्लॉटमध्ये दाबून बसवली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा टास्क मॅनेजरमधले नाव बदललेले होते. खेळ चाळीस फ्रेम्सच्या पुढे गेला. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. कंपनीविषयीचा त्याचा राग एका पट्टीने गेला. पण ही गोष्ट खरेदीच्या वेळी त्याला कुणी सांगितली असती, तर मधले पाच महिने तो खट्टू होऊन बसला नसता.

हा मुलगा तरी नशीबवान, कारण त्याच्या लॅपटॉपला दुसरा स्लॉट होता. हल्ली बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाख देऊन पक्की केलेली असते. तिथे विकत घेतानाची आठ जीबी शेवटपर्यंत आठच राहते. विंडोज ११, ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या, एखादे कोडिंगचे सॉफ्टवेअर आणि मागे चालणारे अँटिव्हायरस एवढ्यातच आठ जीबी भरत येते. अशा लॅपटॉपला पुढच्या वर्षी रॅम वाढवून देता का, असे विचारत पालक येतात तेव्हा नाही म्हणणे माझ्या जिवावर येते. चार वर्षांच्या पदवीसाठी घ्यायचा लॅपटॉप एक तर सोळा जीबीचा असावा किंवा त्यात मोकळा स्लॉट असावा, हे मी आता हट्टाने सांगते. दुकानात "वाढवता येते हो" असे कुणी तोंडी म्हटले तर ते बिलावर लिहून मागायला सांगते.

प्रोसेसरच्या नावांचा घोळ याहून त्रासदायक आहे. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावे वाचली तर दहाच्या फरकाने काय होणार, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पहिल्यात चार गाभे, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग आहेत, त्याची रचना २०१९ साली आलेल्या झेन टू या पिढीची आहे आणि त्याच्या पोटातले ग्राफिक्स दोनच घटकांचे आहे. दुसऱ्यात सहा गाभे आहेत, रचना पुढच्या झेन थ्री पिढीची आणि ग्राफिक्स सात घटकांचे. या ७००० मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक पिढी सांगतो, पहिला अंक फक्त वर्षाचा असतो, ही खूण माहीत असलेला विक्रेता मला आजवर एकच भेटला. "रायझन फाइव्ह आहे, सेव्हन थाउजंड सीरिज आहे, लेटेस्ट आहे" एवढे सांगून लॅपटॉप विकला जातो. लिहिणे-वाचणे, व्हिडिओ पाहणे आणि कॉलेजच्या फायली यांसाठी पहिला प्रोसेसर पुरेसा आहे, त्याला मी टाकाऊ म्हणणार नाही. पण खेळाच्या आशेने तो घेणाऱ्या मुलाची निराशा ठरलेली आहे, आणि एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत, एकाच रंगाच्या कवचात हे दोन्ही प्रोसेसर शेजारी-शेजारी विकायला ठेवलेले मी पाहिले आहेत.

आता "गेमिंग लॅपटॉप" या शब्दाविषयी. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले की दुकानात त्या यंत्राला हे नाव मिळते आणि दुकानातल्या माहितीच्या कार्डावर "४ जीबी ग्राफिक्स" असे ठळक लिहिले जाते. चार जीबी हा मेमरीचा आकडा झाला, ताकदीचा नव्हे. आरटीएक्स २०५० आणि आरटीएक्स ३०५० ही दोन्ही कार्डे चार जीबीची मिळतात, पण मेमरीपर्यंत जाणारी वाट पहिल्यात ६४ बिटांची आहे आणि दुसऱ्यात १२८ बिटांची. त्याहून दडलेली गोष्ट वॅटची. एकाच नावाच्या कार्डाला किती वीज पुरवायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०५० साठी एनव्हिडियाने आखलेला पट्टा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत आहे. सडपातळ लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर बांधलेले कार्ड आणि जाड, दोन पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये मोकळे सोडलेले तेच कार्ड यांच्या कामात एवढे अंतर पडते, की नुसत्या नावावरून तुलना करणे म्हणजे मळ्यातली तीन अश्वशक्तीची मोटर आणि साडेसात अश्वशक्तीची मोटर यांना "पाण्याची मोटर" या एकाच नावाने विकण्यासारखे आहे. मोटरच्या पाटीवर अश्वशक्ती कोरलेली असते म्हणून आमच्या भागातला कुठलाही शेतकरी ती वाचल्याशिवाय पैसे मोजत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर खोलवर शोधले तर वॅटचा आकडा काही वेळा मिळतो, दुकानातल्या कार्डावर मात्र तो मला कधीच दिसलेला नाही.

मुले जे खेळतात, त्यातले बरेचसे इतके वजनदार नसते, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जुने क्रिकेटचे खेळ हे चांगल्या अंतर्गत ग्राफिक्सवर, रॅम दुहेरी असेल तर, व्यवस्थित चालतात. एएमडीच्या रॅडियन ६८०एम किंवा ७८०एम या अंतर्गत ग्राफिक्सवर जीटीए फाइव्हसुद्धा समाधानाने खेळता येतो. आठवड्यातून चार-पाच तास खेळणाऱ्या मुलासाठी सव्वादोन-अडीच किलोचा लॅपटॉप, वर अर्धा किलोचा चार्जर, आणि जोरात काम दिले तर तासाभरात उतरणारी बॅटरी हा बोजा रोज एसटीने ये-जा करताना पाठीवर वागवावा का, याचा विचार व्हायला हवा. खेळाच्या लॅपटॉपची खरी ताकद चार्जर लावल्यावरच मिळते. दिवसा तीन तास वीज जाणाऱ्या गावी हा मुद्दा बारीक राहत नाही. उलट, ज्याला थ्रीडी डिझाइन, व्हिडिओ संपादन किंवा मशिन लर्निंग करायचे आहे, त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड अभ्यासासाठीच कामी येते आणि मग खेळ त्याच खर्चात भागतो. मुलाने "गेमिंग लॅपटॉप" म्हटले म्हणून रागावण्याआधी पालकांनी त्याची शाखा आणि अभ्यासक्रमातली सॉफ्टवेअर विचारावीत. ॲपलचा मॅकबुक एअर शांत, हलका आणि बॅटरीला अतिशय चांगला. पण यंत्र अभियांत्रिकीत लागणारे सॉलिडवर्क्स त्यावर थेट चालत नाही आणि व्हॅलोरंटही चालत नाही, हे सांगितल्यावर दोन घरांनी बेत बदललेला मला ठाऊक आहे.

कंपनीच्या नावाला जिथे खरोखर अर्थ आहे, ती जागा म्हणजे विक्रीनंतरची सेवा, आणि तिथेही नाव एवढे पुरत नाही, गावही पाहावे लागते. माझ्या भाचीचा लॅपटॉप चौदाव्या महिन्यात डाव्या बिजागरीपाशी तडकला. बिजागरीचे स्क्रू ज्या छोट्या पितळी नटांत बसतात, ते नट प्लॅस्टिकमध्ये रुतवलेले होते. झाकण उघडता-मिटता प्लॅस्टिक फाटले आणि नट स्क्रूसकट उपटून आला. लॅपटॉप कुठे पडला नव्हता, आपटला नव्हता. वॉरंटी वर्षाची, ती संपलेली. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. तिथे सांगण्यात आले, की नुसती बिजागरी बदलून मिळणार नाही, वरचे कवच आणि स्क्रीन मिळून सगळा भाग घ्यावा लागेल, आणि त्याची किंमत लॅपटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या घरात गेली. दोन फेऱ्या आणि तीन आठवडे गेल्यावर मी घरीच इपॉक्सीने नट बसवले आणि दोन लहान पट्ट्यांनी ते जखडले. ते आजही टिकून आहे, पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरात इपॉक्सी लावणारी मावशी नसते. तेव्हापासून मी पालकांना सांगते, की आपल्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती करून मिळते का, हे कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून आधी विचारा, वाढीव वॉरंटी किती दिवसांच्या आत घेता येते तेही विचारा, आणि दुकानात झाकण एका बोटाने कडेला धरून उघडून पाहा. कोपरा वाकताना डोळ्यांना दिसला, तर ती मालिका सोडून द्या.

लॅपटॉपच्या खोक्यावर वैधमापन विभागाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तर वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्कच मानतो. मग ग्राफिक्सचे वॅट, रॅम एका पट्टीची की दोन, ती डाख दिलेली की बदलता येणारी, रिकामा स्लॉट आहे की नाही आणि स्क्रीन किती निट (उजेड मोजण्याचे एकक) उजेडाचा, या पाच गोष्टी लॅपटॉपच्या बाबतीत क्षमता या शब्दात का बसू नयेत? फ्रिजच्या दारावरचे तारे पाहून वीजबिलाचा अंदाज बांधायला आपण सगळे शिकलो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये ही योजना आणली तेव्हा तीही लोकांना नवी होती. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, मोबाइल अशा वस्तूंच्या किमतीशेजारी दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण लावणे बंधनकारक झाले, त्यात सुटे भाग मिळतात का आणि ते केवढ्याला मिळतात हेही मोजले जाते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, ते स्वागतार्हच आहे. पण पोर्टलवर जाऊन शोधणारा ग्राहक आणि शोरूममध्ये हप्त्याच्या कागदावर सही करणारा ग्राहक हे एकाच वेळी भेटत नाहीत. माहिती हवी ती सहीच्या आधी, टेबलावरच्या कार्डावर.

राज्याच्या वैधमापन यंत्रणेने आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ही मागणी विचारात घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुकानदारांविषयी माझी तक्रार नाही. कराड, सातारा, सांगलीतले कित्येक विक्रेते मला ओळखतात, विचारले तर खोलून दाखवतात. त्यांनाही कंपनीकडून येणारे कार्ड तेवढेच मिळते. मोठ्या शोरूममध्ये कंपनीने नेमलेली मुले असतात, त्यांना आपल्याच कंपनीचा माल पुढे करावा लागतो, तो त्यांच्या नोकरीचा भाग आहे. जो पालक आयुष्यात पहिल्यांदा लॅपटॉप घेतो आहे, ज्याने त्यासाठी सोसायटीतून उचल घेतली आहे, त्याच्या हाती या दोघांखेरीज तिसरा विसंबण्यासारखा कागद असायला हवा.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. प्रवेशाच्या काळात निघणाऱ्या आपल्या पुरवणीत महाविद्यालयांची यादी आणि गेल्या वर्षीचे कटऑफ येतात, त्यांच्याशेजारी दुकानात विचारायच्या प्रश्नांची एक चौकट छापावी, कापून खिशात ठेवता येईल एवढी. वर मांडलेल्या पाच गोष्टी त्यात याव्यात, आणि सहावी म्हणून आपल्या पिनकोडवरची सेवा यावी. गेल्या सहा वर्षांत माझ्याकडे उघडलेल्या प्रत्येक लॅपटॉपची नोंद मी एका वहीत ठेवली आहे : मालिका, घेतल्याचे वर्ष, रॅमचे स्लॉट, काय बिघडले आणि कशाने दुरुस्त झाले. चौकट तयार करताना या नोंदींचा उपयोग होणार असेल, तर वहीच्या प्रती मी स्वखर्चाने आपल्या सातारा कार्यालयात आणून देईन. पुढच्या प्रवेशफेरीआधी एवढे झाले तर बरे होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक,
कराड, जि. सातारा